परवाची मैफल: घरी काय घेऊन आलात?

मांडवी

थिबा राजवाड्याच्या मैदानातून घरी येऊन चार दिवस झाले, पण एक सा अजून कानातून जात नाही. म्हणून हा धागा काढते आहे.

जानेवारीतला आर्ट सर्कलचा महोत्सव रत्नागिरीकरांना नव्याने सांगायला नको. बाहेरच्यांसाठी थोडंसं: ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढलं आणि मग रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याच्यासाठी बांधलेला हा वाडा १९१० च्या सुमारास पुरा झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. दरवर्षी त्या वाड्याच्या पुढ्यात आम्ही गाणं ऐकतो.

यंदा आईला घेऊन गेले. वय ७६. गुडघ्यांमुळे दोन वर्षं ती कुठल्याच कार्यक्रमाला आली नव्हती. पूरिया कल्याण चालू होता, विलंबित एकताल. थंडी होती, अंगावरची शाल दवाने ओलसर लागत होती. अर्ध्या तासाने तबला उतरला. आम्हाला कळायच्या आत गायिकेला कळलं असावं, कारण तिने तबलजींकडे नुसतं पाहिलं आणि मान हलवली. त्यांनी हातोडी घेतली. आणि ती थांबली नाही, पण पुढेही गेली नाही. दोन तानपुऱ्यांच्या मध्ये सा लावून बसली. तबलजी एकेक घर ठोकत सूर जुळवताहेत, आणि ती त्यांच्यासाठी सा धरून आहे. दोन मिनिटं असेल, तीन असेल. सगळं मैदान त्या एका सुरावर बसलं होतं. खुर्च्यांचा आवाज नाही, कुणी कुजबुजलं नाही.

आई रेडिओवर नाट्यसंगीत ऐकत मोठी झाली. रिक्षात म्हणाली, "रेडिओवर हे कधी ऐकायला मिळालं नाही गं. तिथे सगळे जुळवूनच बसलेले असतात."

तेव्हा विनंती अशी: कोण आलं होतं, काय काय गायले याची यादी इथे नको, ती वर्तमानपत्रात येते. अलीकडे प्रत्यक्ष बसून जे ऐकलंत आणि जे रेकॉर्डिंगमध्ये मिळालं नसतं, तेवढंच लिहा. मैफलच हवी असं नाही. भजन, जत्रा, देवळातला उत्सव, काहीही चालेल.

कुलाबा

सुरेख लिहिलंय. आईंना नमस्कार सांगा. वाचतोय.

षड्जपंचम

मांडवीताई, तुमची ती दोन मिनिटं मी स्टेजच्या बाजूने अनेकदा काढली आहेत. तबला वाजवतो, चिपळूण ते सावंतवाडी साथीला फिरतो. समोर बसलेल्या कुणाला तरी ती मिनिटं आवडतात हे मला आज कळलं. आम्हाला तो वेळ भयंकर लांब वाटतो.

किनाऱ्यावर काय होतं ते सांगतो. तबल्याची पुडी चामड्याची. हवेतला ओलावा चामडं पितं, सैल होतं, सूर खाली येतो. स्टेजवरच्या दिव्यांच्या झळीने तेच चामडं ताणलं जातं आणि सूर चढतो. उघड्या मैदानात दोन्ही एकदम चालू असतं, वरून दव आणि समोरून दिवे. तानपुऱ्याच्या तारांचं आणखी वेगळं, तार गरम झाली की लांबते आणि सूर उतरतो. म्हणजे तबला एकीकडे निघालेला आणि तानपुरा दुसरीकडे. पेटीचे सूर पितळेच्या पट्ट्यांचे, ते जागचे फारसे हलत नाहीत. त्यामुळे पेटी असली की आमची चूक लगेच उघडी पडते.

पुण्यात दुपारी जुळवलेला तबला रात्रीपर्यंत बरा राहतो. इथे मी निघताना अर्धा सूर चढाच ठेवतो आणि जागेवर पोहोचल्यावर पिशवीतून बाहेर काढून तासभर तसाच ठेवतो, तिथली हवा लागू देतो. हे मला गुरुजींनी शिकवलं नाही, ते घाटावरचे. हे इथल्या हवेने शिकवलं.

पेटीवाल्यांचे हाल पावसात. लाकूड फुगतं, पट्टी दाबली की वर येत नाही, आणि एक सूर नको असताना ओरडत राहतो. भर उत्सवात हे झालं की पेटीवाला एका हाताने वाजवतो आणि दुसऱ्या हाताच्या करंगळीने ती पट्टी उचलून धरतो. मग भाता कोण मारणार? मागच्या श्रावणात असं झालं तेव्हा टाळवाला पुढे सरकला आणि त्याने अर्धा तास भाता मारला. पेटी एकाची, वारा दुसऱ्याचा, आणि दोघांचा श्वास एक. लोकांना पत्ताही लागला नाही. तुम्ही विचारलंत ना काय घेऊन आलात, मी त्या टाळवाल्याचा हात घेऊन आलो.

अबोली

"पेटी एकाची, वारा दुसऱ्याचा". अहाहा. लिहीन मीही, उद्या सवडीने.

निवतीचो

मांडवीताई, धागो वाचलंय आणि माका ऱ्हवाक नाय. मालवणीतच लिवतंय, चलात ना?

आमच्याकडे ह्येका मैफल म्हणनत नाय. पण गेल्या म्हयन्यात जत्रेक गावाक गेल्लंय. दशावतार रातीक सुरू झालो तो सकाळी दहीकालो होयसर. दशावताराक लिवलेला पुस्तक नसता. कथा ठरलेली, बोलणा जाग्यार सुचता. पेटयेवालो, पखवाजवालो नि झांजवालो बाजूक बाकड्यार बसतत आणि त्या बोलण्याक धरान ऱ्हवतत. राजान तलवार उचलली काय थाप पडाकच व्हयी. राजा कधी उचलतलो ता कोणाकच म्हायत नसता. पखवाजवालो राजाच्या डोळ्यांकडे बघता आणि तेका कळता.

ल्हानपणापासून मी राजाकडेच बघी होतंय. ह्या वर्साक पयल्यांदा रातभर पखवाजवाल्याकडे बघलंय. माझो बापूस पखवाजी. डबलबारीक वाजवी. डबलबारी म्हणजे दोन बुवा समोरासमोर. एक बुवा गाण्यातून प्रश्न घालता, दुसऱ्या बुवान आपल्या बारयेत गाऊन उत्तर देवचा. रात सरता पण प्रश्न सरनत नाय. बाबांचे बोटां आयकून लोक बुवाचा नाव सांगी होते, "ह्यो पखवाज आसा म्हणजे तो बुवा इलो."

आये गेली तेका दोन वर्सां झाली. तेवापासून पखवाज खुंटयेक टांगलेलो आसा. जत्रेत बाबा माझ्या बाजूक बसलेले. तोंडातसून एक सबद नाय. पण सगळी रात तेंची बोटां मांडयेर चलत होती. ता मी घेवन इलंय.

मांडवी

निवतीचो, मालवणीतच लिहा, बदलू नका. तुमचं शेवटचं वाक्य आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, चष्मा काढून बसली. बाबांना आमचा दोघींचा नमस्कार.

षड्जपंचम, पेटीच्या पट्टीचं आमच्याकडेही झालं आहे. आम्ही खोक्यात डांबरगोळ्या ठेवतो आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी पेटी वाजवतोच. बंद राहिली की जास्त बिघडते असा अनुभव.

अबोली

मी पणजीची. आमच्याकडे सभागृहांची आणि संमेलनांची वाण नाही. गायिका केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या, गायक दीनानाथ मंगेशकर आणि अभिषेकीबुवा मंगेशीचे, पेटीवाले तुळशीदास बोरकर बोरीचे. ही सगळी गावं एका दिवसात फिरून होतील एवढ्या अंतरात आहेत. मोगूबाईंचं कुर्डी तर साळावली धरणात गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की घरांची जोती तेवढी वर येतात. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर जी सोनेरी तबकडी पाठवली, तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. शाळेत हे ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं, केरीचा आवाज कुठल्या कुठे पोचला.

पण मी लिहिणार आहे ते वास्कोच्या सप्ताहाबद्दल. श्रावणात दामोदराच्या देवळात अखंड भजन चालतं, चोवीस तास, एका पथकाने दुसऱ्याच्या हातात सूर द्यायचा, मध्ये खंड पडू द्यायचा नाही. रात्री निरनिराळ्या समाजांचे पार, म्हणजे मिरवणुका, निघतात. आणि शहरात ठिकठिकाणी मांडव घालून गायनाच्या बैठका होतात. तिकीट नाही, पास नाही. रस्त्यावर छत्री घेऊन उभं राहायचं आणि ऐकायचं.

गेल्या श्रावणात मी अशीच उभी होते. पाऊस रिपरिप. शेजारी फेरीत खेळणी विकणारा एक मुलगा, सतरा-अठराचा असेल, बहुधा उत्तरेकडचा. त्याच्या टोपलीत प्लॅस्टिकच्या पिपाण्या. गिऱ्हाईक जमवायला तो सारखी पिपाणी वाजवत होता. आत मांडवात मिया मल्हार सुरू झाला आणि पिपाणी थांबली. मला वाटलं कुणी दटावलं असेल. नाही. बंदिश संपून टाळ्या झाल्या की तो चार वेळा वाजवायचा, दोन पिपाण्या विकायचा, आणि पुढचा आलाप सुरू झाला की पुन्हा गप्प. दोन तास हे मी पाहिलं. त्याचं त्या रात्रीचं नुकसान किती झालं असेल ते तोच जाणे. निघताना मी त्याच्याकडून तीन पिपाण्या घेतल्या, आणि "गाणं आवडलं?" म्हणून हिंदीत विचारलं. तो म्हणाला, "बारिशवाला था ना."

राग त्याने बरोबर ओळखला होता.

कुलाबा

अबोली, काटा आला अंगावर.

सागरगड

अलिबाग तालुक्यातून लिहितेय. आमच्याकडे महोत्सव होतात ते बहुतेक मुंबईच्या पाहुण्यांसाठी असतात. मी सांगणार आहे ते चुलतभावाच्या लग्नातलं. आम्ही आगरी.

आमच्यात लग्न लावायला धवलारीण लागते. ती धवला गाते, तेलहळदीपासून पुढे एकेका विधीला त्याचा त्याचा धवला. ती एक ओळ सांगते, बाकीच्या बायका मागून धरतात. देवांना मांडवात बोलावायचं असतं, गावदेवीला, कुळाच्या देवांना, समुद्राला, सगळ्यांना नावाने. वाद्य नाही. गळा तेवढा.

आता हळदीला डीजे असतो. माझ्या लग्नात होता, भावाच्याही होता. मीही नाचले, खोटं कशाला बोलू. पण या वेळी काकांनी डीजेवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं की धवलारीण उभी राहिली की तुझं यंत्र पूर्ण बंद, नुसतं हळू नाही. ती उभी राहिली. वय ऐंशीच्या पुढे. एवढा वेळ त्या आवाजाने छाती दणाणत होती, ती एकदम थांबल्यावर कानात नुसती शिट्टी वाजत राहिली. सुरुवातीला तिचा आवाज कुणाला ऐकूच आला नाही. मग पुढच्या बायकांनी ओळ धरली. मग त्यांच्या मागच्यांनी. तिचा आवाज माझ्यापर्यंत शंभर बायकांच्या गळ्यातून आला. मी तिला शेवटपर्यंत स्वतंत्र असं ऐकलंच नाही.

कॉलेजात महदंबेचे धवळे शिकले होते. तेराव्या शतकातली, मराठीतली आद्य कवयित्री, आणि तिचं काव्य लग्नाच्या गाण्याचं. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं. मांडवात उभी असताना पहिल्यांदा लक्षात आलं की हा शब्द आमच्या घरात अजून रोजच्या वापरात आहे.

धवलारणीला मी विचारलं, तुझ्यामागे कोण? तिने माझ्या आत्येबहिणीकडे बोट केलं. ती दहावीत आहे. वहीत लिहून घेतेय.

भरती

सगळ्यांचं वाचून आनंद झाला, पण मला एक दुखणं मांडायचंय. नाव-गाव लिहीत नाही.

आमच्या भागातल्या एका देवळाच्या उत्सवात नाट्यसंगीताचा कार्यक्रम होता. सभामंडप जांभ्याचा, वर कौलं, खाली फरशी, माणसं फार तर दोनशे. अशा मंडपात देवापुढे म्हटलेली आरतीसुद्धा मागच्या खांबापर्यंत स्वच्छ पोचते. तिथे चार मोठाले स्पीकर लावले होते. पहिलं नाट्यपद सुरू झालं आणि शब्द कळेना. एक तान भिंतीवर आपटून परत यायच्या आत दुसरी निघायची. गायक चांगला होता, खरंच चांगला, मी त्याला आधी ऐकलेलं आहे. मध्यंतरात उठून बाहेर तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. तिथून बरं ऐकू येत होतं. देवळातल्या गाण्यासाठी देवळाबाहेर जावं लागलं याचं फार वाईट वाटलं.

माझ्या आजोबांच्या वेळी याच मंडपात संगीत नाटकं माईकशिवाय व्हायची. मग आता एवढ्याशा जागेत माईक हवाच कशाला?

षड्जपंचम

भरती, दुःख समजलं. पण थोडी दुसरी बाजू. आजोबांच्या वेळच्या गायकांचा गळा त्याच पद्धतीने तयार झालेला असायचा, शेवटच्या रांगेपर्यंत फेकायचा. आजच्या गायकाची तयारी माईक धरून झालेली आहे. हळुवार जागा, अर्धवट सोडलेले स्वर, ही त्याच्या गाण्याची भाषा आहे. त्याला माईकशिवाय बसवलंत तर तो ओरडेल, आणि दोन दिवस गळा धरेल. शिवाय आमच्या डग्ग्याने त्याला झाकून टाकायचं नसेल तर आम्हालाही हात आवरून वाजवावं लागतं, ते सगळ्यांना जमत नाही.

मैदानात माईक लागणारच, थिबाच्या मैदानात तो नसता तर मांडवीताईंना तो सा ऐकूच आला नसता. सभामंडपात मात्र एक साधा माईक गायकापुढे आणि दोन लहान स्पीकर, तेही मागच्या खांबांच्या अलीकडे, एवढं पुरतं. आवाज वाढवा असं सांगणारे दहा जण असतात. कमी करा म्हणून उठून सांगणारा एक असला तरी पुरे. पुढच्या वेळी तळ्यावर जाऊ नका, आवाजवाल्याकडे जा.

भरती

कबूल. जाईन. आजोबांच्या नटांच्या गळ्याचा विचार मी केला नव्हता.

कलमबाग

देवगडहून. मी फार लिहिणारा नाही, पण माईकचा विषय निघालाय म्हणून.

कार्यक्रम रात्री दहाला बंद करावे लागतात हे आपल्याला सवयीचं झालंय. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक नाही, आणि सरकारला वर्षातून १५ दिवसांपर्यंत बारापर्यंतची सूट देता येते. नियम योग्यच आहे, आजारी माणसांना झोप हवी. पण यामुळे एक गेलं. उशिरा रात्रीचे दरबारी, मालकंस अवेळी ऐकायचे, आणि पहाटेचा ललत तर दिवेलागणीला ऐकायची वेळ येते. माझ्या वडिलांनी सांगितलेलं होतं की पूर्वी मैफल भैरवीपर्यंत पोचायची तेव्हा खरोखर उजाडलेलं असायचं.

म्हणून यंदा आम्ही आठ-दहा घरांनी मिळून ठरवलं. आमच्या जुन्या घराच्या माजघरात, दारं लावून, पहाटे साडेचारला बसायचं. पस्तीस माणसं. गायक कुडाळकडचे, मध्यम वयाचे, नोकरी सांभाळून गाणारे. माईक नाही. तानपुरा, पेटी, तबला. जमिनीवर घोंगड्या.

ललत सुरू झाला तेव्हा बाहेर मिट्ट काळोख. शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम लागोपाठ लागतात ना, त्या दोन सुरांत पाऊल ठेवायला जागा नसते, आणि ते त्याच जागेत पंधरा मिनिटं फिरत राहिले. खिडकीच्या फटीतून उजेड कधी आला ते कळलं नाही. समोरच्या माणसाचं नाक दिसायला लागलं, मग डोळे, मग शर्टाचा रंग. गायकांचे डोळे मिटलेले. पक्षी सुरू झाले तेव्हा ते थोडे थांबले, आणि पुढची ओळ हळू घेतली. सहाच्या पुढे दारं उघडली. मोहोराचा वास आत आला. त्यानंतर त्यांनी गायला घेतलेला भैरव मला फारसा आठवत नाही, कारण सगळे एकमेकांकडे बघत होते.

पुन्हा करणार आहोत, आंबा संपल्यावर, पावसाच्या आधी. धाग्यावरच्या कुणाला यायचं असेल तर विचारपूस करा. चहा आणि घावणे घरचे.

सागरगड

अलिबागहून देवगड म्हणजे रात्रभराचा प्रवास. तरी येणार. आत्येबहिणीला घेऊन आले तर चालेल का? तिने कधी तानपुरा जवळून पाहिलेला नाही.

कलमबाग

जरूर आणा. तिला तानपुऱ्याच्या शेजारी बसवू. आणि तिने एक धवला म्हटला तर आम्हाला हवाच आहे.

निवतीचो

षड्जपंचमानू, एक इचारूचा होता. परवा बाबा पडवेत नव्हते तेवा मी पखवाज खाली काडलंय. शाईची बाजू बरी वाटता, पण धुमेची, म्हणजे डाव्या हाताच्या बाजूची, पुडी लोंबता, आणि कडेक बुरशी इली हा. ठोकून चडात काय बदलूची लागात?

षड्जपंचम

बुरशी कडेलाच असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, पाणी लावू नका, आणि दोन दिवस सावलीत वाऱ्याला ठेवा. थेट उन्हात अजिबात नको, चामडं तडकतं. मग वादी सारखी ओढून घ्या, गट्टे थोडे थोडे करून खाली ठोका, एकाच बाजूने नको, आळीपाळीने. एवढ्याने पुडी ताणली नाही तर बदलायला द्या. आणि एक विचारतो, शेवटचं वाजवल्यावर धुमेवरची कणीक, आवाज घुमायला ओली लावतो ती, काढली होती का? ती राहून गेली असेल तर चामडं आतून कुजलेलं असणार, मग नवीच घाला.

निवतीचो

कणीक ऱ्हवलेली. आये गेली तेच्या आदल्या रातीक बाबांनी वाजवल्यान होता. ती कणीक सुकान दगड झालेली.

मांडवी

.

निवतीचो

आठ दिवसांनी लिवतंय. नयी पुडी घातली, कुडाळाक जावन. घराक हाडलंय आणि काय एक न बोलता पडवेत ठेवलंय. बाबा सांजचे इले, बघल्यांनी, आत गेले. माका वाटला रागावले. बाहेर इले ते परातीत कणीक मळीत इले. पानी कमी झाला म्हणून माका हाडूक सांगल्यांनी.

शनवारी देवळात भजन आसा. पखवाज बाबांचो.